शुश्रूषेचा कारभार



‘कामाचे ठिकाण’ हे शब्द उच्चारले की आपल्या डोळ्यांसमोर कचेरी, कारखाना, बँक किंवा शाळा उभी राहते. साहेब, सहकारी, हजेरी, पाळ्या आणि बैठका ही तिथली परिभाषा. परंतु ज्या घरात एखादी वयोवृद्ध व्यक्ती अंथरुणाला खिळलेली आहे, किंवा रोज आठ-दहा गोळ्यांच्या आधाराने हिंडती-फिरती आहे, ते घरदेखील एक कामाचे ठिकाणच असते. तेथेही पाळ्या असतात, साठा असतो, खर्चाचा हिशेब असतो आणि पुष्कळदा पगारी माणूसही असते. फरक इतकाच की कारखान्यात पाळी बदलताना यंत्राची स्थिती वहीत लिहून सही केली जाते. घरातली पाळी मात्र ‘बरं, मी निघते हं, लक्ष ठेवा’ एवढ्या एका वाक्यावर बदलते.

या स्तंभातून आपण आजवर रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी आणि पथ्यपाणी यांविषयी बोललो. आज औषधांविषयी कमी आणि औषधे देणाऱ्या माणसांच्या आपापसांतील बोलण्याविषयी अधिक लिहिणार आहे. पंचवीसहून अधिक वर्षे या भागात रुग्ण तपासताना एक गोष्ट मनावर ठसली आहे. उपचार उपलब्ध असूनही वृद्धांची प्रकृती बिघडते, तेव्हा अनेकदा कारण आजारात नसून निरोपात असते. एकाला जे ठाऊक होते, ते दुसऱ्यापर्यंत पोहोचलेले नसते.

किती माणसे, किती गावे

आपल्या भोर-वेल्हे भागातील एखादे नेहमीचे घर घ्या. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले असले तरी बोलण्यात अजून वेल्हेच येते.) घरात आजी आहेत. सून भाताची लावणी किंवा काढणी सांभाळून त्यांचे खाणेपिणे पाहते. मुलगा शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातो. लेक पुण्याला असते आणि मोठ्या डॉक्टरांची भेट तीच ठरवते. दिवसा चार तास एक मावशी येतात. महिन्यातून एकदा आशाताई डोकावतात. उपकेंद्रातून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून काही गोळ्या मिळतात, उरलेल्या बाजारपेठेतल्या मेडिकलमधून येतात. त्यावर माझ्यासारखा एक जवळचा डॉक्टर आणि पुण्यातले हृदयाचे किंवा मेंदूचे एक तज्ज्ञ. मोजून पाहा: एका आजींसाठी नऊ-दहा माणसे राबत असतात, आणि ही सर्व माणसे एका खोलीत एकदाही एकत्र येत नाहीत.

त्यात आपला भूगोल. कापूरहोळला महामार्ग सोडला की भोर, चेलाडी फाट्यावरून आत वळले की वेल्हे. पुढे भाटघरच्या पाण्यामागची गावे, वरंध घाटाच्या दिशेची गावे, तोरण्याच्या पायथ्याची गावे. पावसाळ्यात वीज जाते, फोनला रेंज नसते आणि एसटी चुकली की दिवस जातो. शहरात विसरलेली गोष्ट पाच मिनिटांत पुन्हा विचारता येते. इथे तसे होत नाही. म्हणून निरोप पहिल्याच वेळी नीट देणे, ही आपल्याकडे सभ्यतेपेक्षाही आरोग्याची गरज आहे.

प्रत्येकाला थोडे थोडे ठाऊक होते

एका आजींचे उदाहरण सांगतो. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. पंचाहत्तरीच्या या आजींना अनेक वर्षांचा मधुमेह. सरकारी केंद्रातून मिळणारी ग्लिमेपिराइडची गोळी त्या नियमित घेत. फुप्फुसाच्या संसर्गामुळे त्यांना पुण्यात आठवडाभर दाखल करावे लागले. घरी सोडताना मिळालेल्या औषधांत मधुमेहाची एक संयुक्त गोळी होती. तिचे नाव निराळे, रंग निराळा. पण तिच्यात मेटफॉर्मिनबरोबर तेच ग्लिमेपिराइड होते. लेकीने औषधांची पिशवी फडताळात ठेवली, डिस्चार्ज कार्ड फाईलला लावले आणि ती रात्रीच्या गाडीने परतली. जुनी पाकिटे डब्यात होतीच. मावशींनी दोन्ही गोळ्या प्रामाणिकपणे सुरू ठेवल्या, कारण दोन्ही ‘साखरेच्याच’ होत्या.

आजारपणानंतर आजींच्या तोंडाला चव नव्हती. दोन दिवस त्या पेजेवरच होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या उठेनात. घरच्यांना आधी वाटले, शांत झोप लागली आहे. मग वाटले, अर्धांगाचा झटका आला. तपासले तेव्हा रक्तातील साखर ३८ होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्यांनी डोळे उघडले. तरीही त्यांना रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागले, कारण या गटातील गोळ्यांचा परिणाम वृद्धांमध्ये, विशेषतः मूत्रपिंड थकलेले असल्यास, बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा खाली येऊ शकते. आजी बऱ्या झाल्या.

नंतर सर्वांशी बोलताना ध्यानात आले की या घरात निष्काळजी कोणीच नव्हते. गोळी बदलली हे लेकीला ठाऊक होते. जुनी गोळी कोणती हे सुनेला ठाऊक होते. आजी जेवत नाहीत हे मावशींना ठाऊक होते. दोन्हींत एकच द्रव्य आहे हे मेडिकलवाल्याने क्षणात सांगितले असते, पण त्याला दोन्ही पाकिटे एकत्र कोणी दाखवलीच नाहीत. चार जणांकडे सत्याचे चार तुकडे होते आणि ते जोडण्याची जबाबदारी कोणाचीही नव्हती.

गडाची व्यवस्था, घराची व्यवस्था

आपण राजगड आणि तोरण्याच्या परिसरातली माणसे आहोत. गडावरील पराक्रमाच्या कथा आपल्याला पाठ असतात. गडाचा रोजचा कारभार कसा चाले, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. जिंजी येथे लिहिल्या गेलेल्या सभासद बखरीत त्याचे वर्णन आढळते. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी एकाच दर्जाचे असत आणि त्यांनी मिळून कारभार करावा अशी रीत होती. हवालदाराकडे गडाचा ताबा आणि किल्ल्या, सबनीसाकडे हजेरी आणि लिखापढी, सरनोबताकडे पहारा आणि गस्त. धान्य व दारूगोळ्याचा साठा पाहण्यासाठी कारखानीस निराळा. कोणाचे काम काय, हे ठरलेले असे. म्हणून मध्यरात्री दरवाजा उघडायचा की नाही, हा प्रश्न दहा माणसांत फिरत राहत नसे.

आजारी माणसाच्या घरातही हीच चार कामे असतात. ती आपण माणसे ठरवून वाटून घ्यावीत, असा माझा आग्रह आहे.

पहिला, घराचा हवालदार. रुग्णालयातून फोन आला तर तो कोणाला येणार, आणि सर्वांचे ऐकून शेवटचा शब्द कोण देणार? हे एकच नाव असावे. हे नाव शक्यतो आजारी व्यक्तीने स्वतः, शुद्ध व स्मरण शाबूत असतानाच, सर्वांदेखत सांगितलेले असावे. त्यामुळे पुढचे पुष्कळ वाद टळतात.

दुसरा, सबनीस. वही लिहिण्याचे काम याचे. हे काम महाविद्यालयात जाणारी नात किंवा नातू उत्तम करतो, आणि त्या निमित्ताने आजी-आजोबांजवळ रोज दहा मिनिटे बसतोही.

तिसरा, कारखानीस. औषधांचा साठा एकाच व्यक्तीच्या हाती असावा. नवी चिठ्ठी आली की जुनी पाकिटे डब्यातून बाहेर काढणे, पाकिटावरील मोठ्या अक्षरांतल्या व्यापारी नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ द्रव्याचे नाव वाचणे किंवा मेडिकलवाल्याकडून वाचून घेणे, आणि गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी आणवणे, ही त्याची कामे. घरातील प्रत्येक औषध, मग ते डॉक्टरांचे असो, वैद्यांचे असो की शेजाऱ्यांनी दिलेली गुडघेदुखीची गोळी असो, याच्या नजरेखालून जावे. त्या ‘साध्या’ दुखण्याच्या गोळीबद्दल विशेष सांगतो. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या वृद्ध माणसाने एकत्र घेतल्या, तर मूत्रपिंडांवर गंभीर आघात होऊ शकतो.

चौथा, सरनोबत. हा पहारा. जी व्यक्ती दिवसाचा सर्वाधिक वेळ जवळ असते, तिचे हे काम. काल आणि आज यांत काय बदलले, हे तिच्याइतके कोणालाही कळत नाही.

एका व्यक्तीकडे दोन कामे असली तरी चालेल; ज्या घरात दोघेच वृद्ध पती-पत्नी आहेत, तेथे तर एखादे काम शेजारी, भाचा किंवा मेडिकलवाला यांच्याकडेही सोपवता येते. दोन गोष्टी मात्र टाळाव्यात: कोणतेही काम बेवारस राहू नये, आणि एकच काम दोघांकडे असू नये. दोघांनी करायचे काम बहुधा एकतर दोनदा होते, किंवा होतच नाही.

वही

आता त्या वहीविषयी. दोनशे पानांची साधी वही पुरे. ती आजारी व्यक्तीच्या उशाशी असावी, आणि प्रत्येक डॉक्टरकडे जाताना फाईलबरोबर न्यावी.

पहिल्या पानावर नाव, वय, आजार, झालेल्या शस्त्रक्रिया, न सोसणारी औषधे, आणि सध्या चालू असलेल्या प्रत्येक औषधाचे मूळ द्रव्य, मात्रा व वेळ. बंद केलेल्या औषधावर रेघ मारून तारीख व कोणी बंद केले ते लिहावे. खोडून किंवा फाडून टाकू नये. ‘हे का बंद केले’ हा प्रश्न सहा महिन्यांनी हमखास येतो. या पानाचे छायाचित्र घरातील प्रत्येकाच्या मोबाइलवर असावे. कागदी प्रतही असावी, कारण आपल्या खोऱ्यांत मोबाइलचा भरवसा धरता येत नाही.

आतल्या पानांवर रोजच्या पाच-सहा ओळी पुरतात: किती खाल्ले, लघवी-शौच कसे झाले, झोप कशी लागली, चालणे-बोलणे कालच्यासारखे आहे का, कोणती गोळी दिली गेली नाही. हृदयविकार असल्यास सकाळचे वजन, मधुमेह असल्यास साखर.

पाळी बदलताना, म्हणजे मावशी निघताना, सून शेतावर जाताना, किंवा लेक पुण्याला परतताना, जाणाऱ्याने येणाऱ्याला चार गोष्टी सांगाव्यात: काय झाले, काय बदलले, काय करायचे राहिले, आणि कशावर लक्ष ठेवायचे. मग येणाऱ्याने त्या आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवाव्यात. ‘समजलं का?’ असे विचारले की माणूस ‘हो’ म्हणतो. ‘मी काय सांगितलं ते एकदा सांगा पाहू, माझं काही सांगायचं राहिलं का ते कळेल’ असे म्हटले की ऐकणाऱ्याचा मान राहतो आणि चूक तिथेच पकडली जाते. डॉक्टरांसमोरही हेच करावे. ‘डॉक्टर, म्हणजे ही पांढरी गोळी आजपासून बंद, आणि ही अर्धी रात्री जेवणानंतर, बरोबर?’ असे विचारण्यात संकोच वाटू देऊ नका.

फोनवर काय बोलावे

रात्री साडेनऊला फोन येतो: ‘डॉक्टर, आण्णांना बरं वाटत नाहीये. काय करू?’ या वाक्यातून डॉक्टरला काहीच कळत नाही. मग दहा प्रश्न, अर्धवट उत्तरे, आणि तेवढ्यात रेंज जाते.

अमेरिकेच्या नौदलात थोडक्यात व क्रमाने निरोप देण्याची एक पद्धत होती. ती पुढे तिथल्या रुग्णालयांनी परिचारिका आणि डॉक्टर यांच्यातील संभाषणासाठी स्वीकारली आणि आता ती जगभर शिकवली जाते. तिचे चार भाग आहेत: आत्ता काय झाले; आधीचे काय; मला काय वाटते; मला काय हवे. आपल्या भाषेत तो फोन असा होईल:

‘डॉक्टर, मी आण्णांची सून बोलतेय. आण्णांना आडवं झालं की धाप लागतेय, कालपासून पावलं सुजलीत. त्यांना हृदयाचा त्रास आहे, तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलंय, आणि लघवीची गोळी संपल्यामुळे चार दिवस दिलेली नाही. मला वाटतं, अंगात पाणी साठतंय. आत्ता तुमच्याकडे आणू, की सरळ भोरच्या सरकारी रुग्णालयात नेऊ?’

हे बोलायला अर्धा मिनिट लागते. यात निदान जवळजवळ आलेच आहे, आणि डॉक्टरला निर्णय देण्याखेरीज काही उरत नाही. तिसरा भाग, ‘मला काय वाटते’, हा आपल्याकडील स्त्रिया हमखास गाळतात. ‘आम्हाला काय कळतं’ असे म्हणून त्या थांबतात. माझी विनंती आहे की तो भाग गाळू नका. तुमचा अंदाज चुकला तरी बिघडत नाही. पण ‘आज काहीतरी निराळं आहे’ हे जवळ राहणाऱ्या माणसाचे वाक्य, ही आमच्या दृष्टीने एक महत्त्वाची नोंद असते.

जिला दिसते, तिला विचारले जाते का?

इथे आपण या विषयाच्या मुळाशी येतो. घराघरांत मी पाहतो की ज्या व्यक्तीला सर्वाधिक दिसते, तिलाच सर्वांत कमी विचारले जाते. दवाखान्यात मुलगा बोलतो, जावई बोलतात. सून दाराशी उभी असते आणि मावशी तर घरीच असतात. वास्तविक ‘गेले दोन दिवस आजी घास तोंडात धरून ठेवतात, गिळत नाहीत’ हे त्यांनाच ठाऊक असते.

हा दोष केवळ घरांतला नाही; मोठमोठ्या संस्थांनाही तो जडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियागृहांसाठी एक साधी तपासणी-यादी आणली. तिच्यातील एक कलम असे की, चीर देण्यापूर्वी उपस्थित प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे. दिल्लीसह जगातील आठ शहरांमधील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहण्यात आली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यावर आले. यादीत इतरही कलमे होती, त्यामुळे सारे श्रेय एकट्या ओळख करून देण्याला देता येणार नाही. पण तिच्या मागचा विचार लक्षात घेण्याजोगा आहे: ज्याने एकदा आपले नाव सर्वांसमोर उच्चारले, त्याला पुढे ‘थांबा, काहीतरी चुकतंय’ म्हणणे सोपे जाते.

आणि धोक्याची वार्ता अडली की काय होते, हे आपल्या तालुक्याला कोणी बाहेरून येऊन सांगण्याची गरज नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचत धरण सावरण्यासाठी झगडत होते. त्या हातांनी एकमेकांना दिलेली साथ ही सहकार्याची पराकाष्ठा होती. मात्र खाली पुण्यातील पेठांमध्ये राहणाऱ्यांपर्यंत धोक्याची सूचना वेळेवर आणि स्पष्टपणे पोहोचली नाही, ही खंत त्या पिढीच्या तोंडून आजही ऐकू येते. आपल्यापैकी अनेक वाचकांनी तो दिवस पाहिला असेल. काम करणारे हात कितीही असोत, वार्ता योग्य कानापर्यंत पोहोचली नाही तर त्या हातांचे श्रम अपुरे पडतात.

म्हणून घराच्या हवालदाराने रोज एक प्रश्न विचारावा: ‘आज काही वेगळं वाटलं का?’ आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये. मावशींना हा प्रश्न त्यांचे नाव घेऊन, बसायला सांगून विचारावा. त्यांचा पगार ठरल्या तारखेला मिळावा, आठवड्याची सुट्टी ठरलेली असावी, आणि त्यांच्या कामात काय येते व काय येत नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट असावे. जिला आपले काम कधी जाईल याची धास्ती आहे, ती ‘माझ्या हातून एक गोळी चुकून दोनदा दिली गेली’ असे कधीच सांगणार नाही. आणि ते न सांगितल्याची किंमत आजी मोजतात. चूक सांगणाऱ्यावर ओरडायचे नाही, हा नियम घरात उघडपणे जाहीर करावा.

मावशींना वाचता येत नसेल, तर वहीचे ओझे त्यांच्यावर टाकू नका. सकाळच्या गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य आणि रात्रीच्या पाकिटावर चांदोबा काढला की भागते. दिलेल्या गोळीचे रिकामे वेष्टन एका वाटीत टाकायला सांगा. संध्याकाळी मोजले की नोंद झाली.

आजारी व्यक्ती हीदेखील सहकारी

या साऱ्या कारभारात एक व्यक्ती बाजूला पडते: ज्यांच्यासाठी तो चालला आहे ती. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी, ते जणू तेथे नाहीतच अशा रीतीने बोलणे, ही आपल्याकडील फार जुनी सवय आहे. आजोबांना ऐकू कमी येते म्हणून आपण मुलाशी बोलतो. मग आजोबा बोलणेच सोडतात, आणि आपण म्हणतो, ‘त्यांना हल्ली काही कळत नाही.’

ऐकू कमी येणाऱ्या व्यक्तीशी बोलताना समोर बसावे, आपल्या चेहऱ्यावर उजेड असावा, दूरदर्शन बंद असावे, आवाज फार चढवण्यापेक्षा सावकाश व स्पष्ट बोलावे, आणि एका वेळी एकानेच बोलावे. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. चष्मा आणि श्रवणयंत्र डोळ्या-कानांवर आहे ना, हे आधी पाहावे. ही साधी तयारी केली की ‘काही न कळणारे’ आजोबा पुष्कळ काही सांगू लागतात.

ज्येष्ठ वाचकांना माझे सांगणे असे: आपणही या मंडळाचे सभासद आहात. ‘मुलांना कशाला त्रास’ म्हणून छातीतील दुखणे, पडणे, लघवीवरचा ताबा सुटणे लपवू नका. लपवलेल्या लहान दुखण्यामुळे मुलांना जो त्रास होतो, तो सांगितलेल्या दुखण्याहून कितीतरी मोठा असतो.

पुणे आणि गाव

दूर राहणारी भावंडे आणि जवळ राहणारी भावंडे यांच्यातील ताण मी वर्षानुवर्षे पाहतो. दूरच्याला अपराधी वाटते, म्हणून तो आल्या आल्या सूचना देऊ लागतो. जवळच्याला त्या सूचना हिशेबासारख्या वाटतात. दोघांचे आईवर सारखेच प्रेम असते. उपाय सोपा आहे: दर रविवारी ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटांचा फोन. प्रथम जवळच्याने आठवड्याची वही वाचून दाखवावी. दूरच्याने मध्ये बोलू नये. मग दूरच्याने ‘मी काय करू?’ असे विचारावे, ‘तुम्ही असे का केले नाही?’ असे नव्हे. तज्ज्ञांची वेळ घेणे, रिपोर्ट आणणे, खर्चाचा वाटा पाठवणे, महिन्यातून दोन दिवस येऊन जवळच्याला विश्रांती देणे, ही दूर राहूनही करता येण्याजोगी खरी कामे आहेत.

जी मुले-सुना नोकरी करतात, त्यांनी कामाच्या ठिकाणीही हे सांगावे. अनेकजण पाळी चुकू नये म्हणून घरचे आजारपण वरिष्ठांपासून लपवतात आणि मग ऐनवेळी दांडी मारावी लागते. त्याऐवजी आधीच मोजके बोलावे: ‘आईचे आजारपण आहे. महिन्यातून एकदा तपासणीची तारीख असते, ती मी आठवडाभर आधी सांगेन. त्या दिवशी पाळी बदलून मिळावी. घरून एका ठराविक नंबरवरून फोन आला तर तो मला घेऊ द्यावा.’ मागणी स्पष्ट आणि मर्यादित असली की तिला होकार मिळणे सोपे जाते, आणि सहकारीही पाळी बदलून द्यायला पुढे येतात; त्यांच्याही घरी कोणीतरी आजी असतेच.

एक प्रश्न, ज्याचे उत्तर पाठ असावे

शेवटी तातडीच्या प्रसंगाविषयी. चेहरा एका बाजूला ओढला गेला, एक हात उचलता येईना, बोलणे अडखळले, तर तो मेंदूचा झटका समजून १०८ क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. तोंडात पाणी, गोळी किंवा काढा घालू नये. रुग्णालयात पहिला प्रश्न विचारतील: ‘हे शेवटचे व्यवस्थित कधी होते?’ रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ती वेळ या उत्तरावरून मोजली जाते. सकाळी सहाला लक्षात आले असेल, पण रात्री दहानंतर कोणी पाहिलेच नसेल, तर घड्याळ रात्री दहापासून धरावे लागते. इथून पुण्याला पोहोचायला तास-दीड तास जातो. अशा वेळी ‘पहाटे चारला उठून नीट बोलले, मीच पाणी दिले’ असे मावशींनी किंवा नातवाने सांगितले, तर उपचारांचे दार उघडे राहू शकते. म्हणून रुग्णवाहिकेत बसताना वही सोबत घ्या आणि शेवटचे ज्याने पाहिले त्याला बरोबर न्या. ते शक्य नसेल, तर त्याचा फोन नंबर तरी घ्या.

त्याचप्रमाणे एक-दोन दिवसांत अचानक आलेली असंबद्ध बडबड, गुंगी किंवा चिडचिड हे ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, रक्तातील सोडियम कमी होणे किंवा एखादे नवे औषध अशी बरी होणारी कारणे तिच्यामागे बहुधा असतात. मधुमेही व्यक्तीला घाम सुटून थरथर होऊ लागली आणि ती शुद्धीवर असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी आणि डॉक्टरांना कळवावे. शुद्ध हरपलेली असेल, तर मात्र तोंडातून काहीही न देता थेट रुग्णालय गाठावे.

पुढील अंक हाती येईपर्यंत चार गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. चार कामे चार नावांवर वाटून घ्या. वहीचे पहिले पान लिहा. घरातील सगळी औषधे एका टोपलीत घालून जवळच्या डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्यांना एकदा दाखवा. आणि आज रात्री निजण्यापूर्वी, घरात जी व्यक्ती सर्वांत कमी बोलते, तिच्याजवळ जाऊन विचारा, ‘आज काही वेगळं वाटलं का?’